पेट्रोलवालं जेट मशीन घरासाठी घ्यायचं असेल तर आधी एक बादली आणि घड्याळ घेऊन नळापाशी जा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली पार्किंगला एक गाडी. शिवाय गोराईला सासऱ्यांचं बैठं घर, पुढे मोठं अंगण, अर्धं शहाबादी फरशीचं, अर्धं पेव्हर ब्लॉकचं, जांभ्या दगडाचं कुंपण. पावसाळ्यात सगळ्यावर हिरवंगार शेवाळ, मागच्या वर्षी सासूबाई घसरल्या. लाइटचा भरवसा नाही म्हणून आता "गॅस पॉवर्ड" प्रेशर वॉशर (जोरात पाण्याची धार मारून धुणारं मशीन) घ्यायचाय, ऑनलाइन एक दिसतंय ७ एचपी, २५० बार (बार म्हणजे दाबाचं माप), मिनिटाला १५ लिटर, घेऊ का?

आधी ते गॅसचं मिटवून टाकू, कारण दर महिन्याला कोणीतरी येऊन मला विचारतं की सिलिंडर कुठे लावायचा. अमेरिकन लोक पेट्रोलला गॅस म्हणतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे हा शब्द आलाय, मशीन पेट्रोलवरच चालतं, पंपावर मिळतं त्याच पेट्रोलवर. आणि दुकानात जाऊन प्रेशर वॉशर मागितलंत तर समजेल, पण मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या मशिनरी बाजारात "जेट मशीन" म्हणालात तर लवकर समजेल.

मी बावीस वर्षं छोटी इंजिनं आणि पंप दुरुस्त करतोय, त्यातली दहाएक वर्षं जेट मशीन भाड्यानेही देतो, म्हणजे लोक मशीन कसं वापरतात आणि कसं मारतात दोन्ही बघितलंय. त्यावरून सांगतो. मशीन निवडताना लोक इंजिन बघतात, रंग बघतात, प्रेशरचा आकडा बघतात, आणि ज्या दोन गोष्टींवर सगळं ठरतं त्या कोणी बघतच नाही. पाणी कुठून येणार आणि पंप कुठला आहे. इंजिन तिसऱ्या नंबरला.

फ्लॅटचं एका वाक्यात सांगतो, पेट्रोलवालं घेऊ नका. नाकापेक्षा मोती जड. एका गाडीला १००-१२० बारचं इलेक्ट्रिक मशीन भरपूर झालं. दीड-दोन हजार वॉटचं असतं, म्हणजे साधारण ९ अँपिअर, १६ अँपिअरच्या पॉइंटवर आरामात चालतं. फक्त इंडक्शन मोटरचं बघा, ब्रशवाली मोटर किंचाळते पण आणि लवकर जाते पण. पेट्रोल इंजिनाजवळ उभं राहिलं की आवाज ९० डेसिबलच्या वर, आणि आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे. रविवारी सकाळी सात वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरी ओढलीत तर सेक्रेटरी चप्पल घालायच्या आधी खाली येईल. आणि आवाज सोडा, बेसमेंट किंवा बंद पार्किंगमध्ये पेट्रोल इंजिन चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणसाला आधी नुसतं डोकं जड झाल्यासारखं वाटतं, मग चक्कर, आणि कळेपर्यंत उठून बाहेर जायची ताकद गेलेली असते. दरवाजा उघडा ठेवला, पंखा लावला, असलं काही चालत नाही. इंजिन मोकळ्या हवेतच, आणि घराच्या खिडक्यांपासून लांब, धूर आत जाणार नाही अशा बाजूला तोंड करून.

तर प्रश्न उरला गोराईचा, आणि तिथे पेट्रोल मशीनला खरंच अर्थ आहे. अंगण मोठं, लाइट बेभरवशाची, आणि भर पावसात ओल्या अंगणात पन्नास फुटांची एक्स्टेन्शन वायर ओढत फिरण्यापेक्षा पेट्रोल बरं.

आता बादली. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, ज्या नळाला मशीन जोडणार त्याच नळाला तोच पाइप लावा, त्या पाइपच्या दुसऱ्या टोकाखाली बादली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली १ मिनिट ४० सेकंदांत भरली तर तुमचा नळ मिनिटाला १२ लिटर देतोय. घरगुती पेट्रोल मशीनचा पंप मिनिटाला ९ ते १० लिटर पाणी मागतो (अमेरिकन जाहिरातीत २.५ जीपीएम, म्हणजे मिनिटाला अडीच गॅलन, लिहितात ते हेच, एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या जरा वर). नळ पंपापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त द्यायला हवा, म्हणजे १२ आले तर ९-१० चं मशीन चालेल. बादली भरायला तीन मिनिटं लागली तर? तर तुमच्याकडे मिनिटाला जेमतेम साडेसहा लिटर आहेत आणि तिथे १५ लिटरवालं मशीन घेणं म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि नुसतं धार कमी येते एवढ्यावर भागत नाही. पंपाला पाणी कमी पडलं की तो हवेचे बुडबुडे ओढतो, आत खडखड आवाज येतो, सील (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) जातात, आतली धातू कुरतडली जाते. माझ्याकडे "पंप खराब निघाला" म्हणून जी मशीन येतात त्यातल्या निम्म्यांचा पंप चांगला असतो हो, नळ खराब असतो.

मुंबईत इथेच गोची आहे. अमेरिकेत अंगणातल्या नळाला म्युनिसिपालिटीचं थेट प्रेशर असतं, मशीन त्या हिशोबाने बनलेलं. बऱ्याच पेट्रोल मशीनच्या पुस्तकात आत येणारं पाणी कमीत कमी २० पीएसआयवर (हे दाबाचं अमेरिकन माप) पाहिजे असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १.४ बार. आपल्याकडे पाणी येतं ठराविक तास, ते खालच्या टाकीत, तिथून वरच्या टाकीत, आणि नळाला जे येतं ते वरच्या टाकीच्या उंचीवर. १० मीटर उंचीला १ बार, हा हिशोब लक्षात ठेवा. बैठ्या घराच्या छपराजवळची टाकी अंगणापासून चार मीटर वर असेल तर तुम्हाला मिळतात ०.४ बार. सोसायटीच्या गच्चीचा तर विनोदच आहे, लोक म्हणतात टाकी इथेच आहे पाण्याचा काय प्रॉब्लेम, अहो टाकी इथेच आहे हाच तर प्रॉब्लेम, तिच्या बुडापासून नळापर्यंत तीन फूट उंची, म्हणजे ०.१ बार.

म्हणून गोराईसाठी माझा जुगाड सांगतो, मी स्वतः वसईपासून उत्तनपर्यंत हाच करतो. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, विटा नाहीतर लोखंडी स्टँडवर तीन-चार फूट उंच ठेवायचा, बुडाशी १ इंची आउटलेट आणि बॉलव्हॉल्व्ह, तिथून मशीनपर्यंत जाड पाइप, जो आत चिमटत नाही असा, आणि होईल तितका आखूड. मशीन जमिनीवर, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनाने पंपात येतं, पंपाला ओढावं लागत नाही. ड्रमचं तोंड टाकीच्या नळाखाली, तो आपला भरत राहील. आणि मशीन घेताना दुकानदाराला सरळ विचारा, ड्रममधून पाणी ओढेल का, आणि ओढेल म्हणाला तर ओढून दाखव म्हणा. काही पंप ओढतात, काही नुसते फुरफुरतात. अजून एक, आत पाणी येतं तिथली जाळी कधीच काढून टाकू नका, बोअरच्या पाण्यातली बारीक वाळू पंपाला सँडपेपरसारखी घासते. जाळी तुंबते म्हणून फेकून देणारे महाभाग मी बघितलेत, त्यांच्यामुळेच माझं दुकान चालतं.

आता तुम्ही पाठवलेलं ७ एचपी, २५० बार, १५ लिटरवालं. यासाठी एक हिशोब शिकून घ्या, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. बार गुणिले लिटर भागिले ६०० केलं की पाण्यात गेलेली ताकद किलोवॉटमध्ये मिळते. २५० गुणिले १५ म्हणजे ३७५०, भागिले ६००, सव्वासहा किलोवॉट. म्हणजे जवळजवळ साडेआठ एचपी पाण्यालाच पाहिजे, त्यात पंपाचं स्वतःचं घर्षण धरा, इंजिन नऊ-दहा एचपीचं लागेल. यांच्याकडे आहे ७, आणि तेही डब्यावर छापलेलं. १९६ सीसीचं होंडाचं जीएक्स २०० घ्या, नाव घेण्यासारखं इंजिन आहे, त्याची खरी ताकद ३६०० आरपीएमला ४.१ किलोवॉट, म्हणजे साडेपाच एचपी. मग त्याच मापाच्या चिनी इंजिनातून ७ कुठून आले? छापलेलेच. बाकीच्या दोन आकड्यांचं असं की २५० बार हा गन (हातात धरायचा, ट्रिगरवाला भाग) बंद असताना पंप एका क्षणाला सहन करतो तो आकडा असतो आणि १५ लिटर हा नोझल (गनच्या टोकाची बारीक भोकाची टोपी) काढून टाकल्यावर नुसतं पाणी वाहतं तो आकडा, दोन्ही खरे, पण एकाच वेळी नाही. डब्यावर "मॅक्स" लिहिलेलं असतं ते यासाठी. चालतानाचं प्रेशर, वर्किंग प्रेशर, ते विचारा.

याच हिशोबाने तुमच्या कामाला काय लागेल बघू. १७० बार आणि साडेनऊ लिटर, म्हणजे २.७ किलोवॉट. १६३ सीसीचं जीएक्स १६० खरे ३.६ देतं, पंपाचं नुकसान धरूनही बसतं. म्हणजे तुम्हाला १५०-१८० बार, ९-१० लिटर, आणि १६०-२०० सीसी एवढंच पाहिजे. पीएसआयमध्ये सांगतील तर १ बारला साडेचौदा, म्हणजे २२०० ते २६००. ३६०० पीएसआयचं मशीन तुमच्या शहाबादीवर चालवलंत तर शेवाळ जाईल आणि सांध्यातलं सिमेंटपण जाईल.

आणि प्रेशर की लिटर असं कोणी विचारलं तर माझं मत लिटर. प्रेशर घाण सुटी करतं, पण ती वाहून नेतं पाणी. अंगण मोठं असेल तर कमी लिटरचं मशीन शेवाळ एका फरशीवरून उडवून शेजारच्या फरशीवर नेऊन ठेवतं, तुम्ही मग दिवसभर त्याच्या मागे. पाणी जास्त जाईल ही भीती असते लोकांना, विशेषतः मे महिन्यात तलावांची पातळी पेपरात यायला लागली की. पण साध्या पाइपने धुतलंत तरी मिनिटाला १२ लिटर जातात, आणि तासभर जास्त लागतो. हजार चौरस फुटांचं अंगण नीट धुवायला मला साधारण दोन तास लागतात, ट्रिगर काही सगळा वेळ दाबलेला नसतो, सातशे-आठशे लिटर जातात. म्हणजे हजार लिटरची टाकी भरलेली असेल त्या दिवशीच काम काढा. पालिकेने पाणीकपात लावली असेल तेव्हा मात्र अंगण धुवायला काढू नका, शेजारी फोटो काढतात.

पंपाकडे येतो. इथे पैसे टाका. पेट्रोल मशीनमध्ये ढोबळ तीन जाती. सगळ्यात स्वस्त वॉबल प्लेटवाला, आत तिरकी चकती डुगडुगते आणि पिस्टन दाबते, वर्षातून दोनदा वापरणाऱ्याला ठीक, बिघडला की बऱ्याचदा फेकूनच द्यावा लागतो. मधला अॅक्सियल कॅम, इंजिनाच्या शाफ्टवर थेट बसतो, इंजिनाच्याच वेगाने फिरतो, नीट पाणी दिलं तर घरगुती वापराला वर्षानुवर्षं जातो. तिसरा ट्रिपलेक्स प्लंजर, तीन सिरॅमिक प्लंजर, पितळी डोकं, बऱ्याचदा गिअर किंवा बेल्टने वेग अर्ध्यावर आणलेला, म्हणून गरम कमी होतो, झिजतो कमी, सील-व्हॉल्व्ह सगळं सुटं मिळतं. वॉशिंग सेंटरवाले हेच वापरतात. जड असतो, महाग असतो. तुम्ही समुद्राजवळ आहात, खारी हवा आहे, म्हणून मी पितळी डोक्याचाच पंप घ्या म्हणेन, अॅल्युमिनियमवर दोन पावसाळ्यांत पांढरी पूड धरते आणि फिटिंग जाम होतात. बजेट ताणायचं असेल तर इंजिन चिनी घ्या पण पंप चांगला घ्या. उलटं करू नका. इंजिनाचे पार्ट कुठेही मिळतात, ते १६८ एफ, १७० एफ लिहिलेलं असतं ना चिनी इंजिनावर, त्यात पहिला १ म्हणजे एक सिलिंडर आणि पुढचे दोन आकडे म्हणजे बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, मिलीमीटरमध्ये. १६८ एफ हे होंडाच्या डिझाइनवरून घेतलेलं आहे, तोही ६८ चाच बोअर, कार्ब्युरेटरपासून दोरीच्या स्टार्टरपर्यंत पुष्कळ काही अदलाबदल होतं. पंपाचं तसं नाही, ज्या कंपनीचा पंप त्याच कंपनीचं सील किट. म्हणून मशीनचे पैसे द्यायच्या आधी विचारा, सील किट आत्ता दुकानात आहे का, कितीला आहे. "मागवून देऊ" म्हणाला की समजून जा.

अनलोडर नावाची एक वस्तू पंपावर असते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गन सोडली की इंजिन चालूच असतं, पंप फिरतच असतो, मग पाणी जाणार कुठे? तर अनलोडर तेच पाणी पंपात गोल गोल फिरवतो. दोन मिनिटं ठीक, पण पाच मिनिटं तुम्ही गन खाली ठेवून फोनवर बोलत बसलात तर तेच पाणी तापून सील शिजतात. चांगल्या पंपाला थर्मल व्हॉल्व्ह असतो, पाणी ६० डिग्रीच्या आसपास गेलं की तो उघडून गरम पाणी बाहेर टाकतो. आहे का बघून घ्या. पण असला तरी नियम एकच, दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं तर इंजिन बंद. भाड्याने दिलेल्या मशीनचे सगळ्यात जास्त पंप मी चहाच्या वेळेला गमावलेत.

पाइप आणि फिटिंग. बारीक प्लास्टिकचा कडक पाइप देतात, तो गुंडाळला की त्याच आकारात राहतो, तुमच्याशी भांडतो. तारेच्या जाळीचा रबरी पाइप घ्या, निदान १० मीटर. आणि एक छळवादी गोष्ट म्हणजे एम २२ फिटिंग, बाहेरून सगळे सारखे दिसतात, आटे बसतात पण, पण आतली पिन काहींची १४ मिलीमीटर काहींची १५, चुकीचा जोडला की घट्ट बसून पण गळतो आणि माणूस टेफ्लॉन टेप गुंडाळत बसतो. नवीन गन किंवा पाइप घेताना जुना सोबत घेऊन जा, मोजून घ्या.

नोझलचे रंग जगभर जवळपास सारखेच. लाल शून्य डिग्री, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणाचं. लाल काढून कुलपात ठेवा. खरंच सांगतो, घरात त्याचं काहीच काम नाही, ते लाकूड कापतं. माझ्याकडच्या एका पोऱ्याने गंमत म्हणून पायातल्या चपलेवर मारलं, चपलेचा पट्टा कापला गेला, अर्धा इंच इकडे असतं तर अंगठा. आणि याचं वाईट म्हणजे जखम छोटी दिसते, टाचणी टोचल्यासारखं भोक, रक्तही फारसं नाही, माणूस हळद लावून घरी बसतो. पण पाणी आणि घाण कातडीखाली आत खोल गेलेली असते आणि सडतं. असं काही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल, आणि डॉक्टरला सांगायचं की हाय प्रेशर मशीनचं पाणी घुसलंय, किती बारचं ते पण सांगायचं. गन माणसाकडे, कुत्र्याकडे, पायाकडे कधीच नाही. पायात गमबूट, डोळ्याला चष्मा, कानाला मफ. फरशीला हिरवं, गाडीला पांढरं आणि हातभर लांबून, रेडिएटरच्या जाळीवर आणि टायरच्या साइडवॉलवर जवळून नाही.

नोझलवर नंबरही असतो, ९-१० लिटरच्या या मापाच्या मशीनला साधारण ३ नंबर. जास्त प्रेशर मिळेल म्हणून कोणी २ नंबर लावलं तर पाणी मावत नाही, अनलोडर सारखा ठोकतो. उलट वर्ष-दोन वर्षांनी प्रेशर कमी वाटलं तर पंप खोलायच्या आधी नोझल बदला, भोक झिजून मोठं झालेलं असतं. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं आणि मेकॅनिक मात्र पंप खोलायला बसलेला असतो (मीसुद्धा तरुणपणी बसायचो).

तुमच्या अंगणाला खरं म्हणजे मशीनपेक्षा जास्त फरक पडेल तो सरफेस क्लीनरने. गोल झाकण, आत फिरणारे दोन नोझल, लादी पुसायच्या मशीनसारखं ढकलत न्यायचं. १२ ते १५ इंची घ्या, त्याहून मोठं ९ लिटरला झेपत नाही. नुसत्या गनने धुतलं तर फरशीवर पट्टे उठतात, पाऊस थांबला की अंगण झेब्र्यासारखं दिसतं. यात उडतंही कमी, भिंती खराब होत नाहीत.

पेव्हर ब्लॉकला सांभाळून, सांध्यातली वाळू निघते, धुऊन वाळल्यावर परत वाळू झाडून भरा, नाहीतर पुढच्या पावसात ब्लॉक हलायला लागतात. जांभ्याच्या कुंपणाला ४० डिग्रीचं पांढरं नोझल, दोन फूट लांबून, बस. जांभा भोकाभोकाचा दगड, वरची कातडी एकदा गेली की आतली माती दरवर्षी झिजत राहते. एका जुन्या घराची चिऱ्याची भिंत मी सुरुवातीच्या काळात जोशात धुतली होती, दर्जा (चिऱ्यांच्या सांध्यांतला माल) सगळ्या निघून आल्या, त्या परत भरायचे पैसे खिशातून दिले आणि वर दोन महिने मालकिणीच्या शिव्या. कौलांवर मशीन चालवूच नका, पाणी उलटं आत घुसतं, कौल सरकतं. गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यालाही (गळती थांबवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) हेच, जिथे आधीच भेग आहे तिथे जोरात पाणी मारणं म्हणजे खालच्या मजल्यावर स्वतःच्या हाताने गळती देणं.

आणि शेवाळ नुसत्या प्रेशरने जात नाही, दिसेनासं होतं फक्त. मुळं भोकांत राहतात, तीन आठवड्यांत परत हिरवं. आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी टाका, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, खराट्याने घासा, मग धुवा. ब्लीच मशीनच्या पंपातून पाठवू नका, सील खातं, झारीने टाका. आणि आपल्याकडे लादीला अॅसिड टाकायची सवय आहे, तर अॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही नाही, क्लोरीन वायू तयार होतो, नाक-छाती जळते. झाडांच्या कुंड्या आणि तुळस आधी बाजूला घ्या.

चालू करायची पद्धत. आधी पाणी चालू, मग गन दाबून ठेवायची पाइपमधली सगळी हवा फुस्स फुस्स करून जाईपर्यंत, मग दोरी. दोरी जड लागत असेल तर गन एकदा दाबून आतलं प्रेशर काढा, बायकांना-म्हाताऱ्यांना जमत नाही म्हणतात त्यात नव्वद टक्के वेळा हेच असतं. पाण्याशिवाय इंजिन चालू करून "बघू स्टार्ट होतं का" करू नका, पंपाची सील कोरडी मिनिटभरात जाऊ शकतात. सेकंड हँड घ्यायला गेलात आणि विकणाऱ्याने पाणी न जोडता चालू करून दाखवलं तर तिथूनच परत या, त्याने रोज असंच केलेलं असणार. सेकंड हँडमध्ये अजून एक, ट्रिपलेक्स पंपाच्या काचेतून ऑइल बघा, चहासारखं दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय, सील संपली.

पेट्रोलचं मात्र नीट ऐका. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपली हवा कशी आहे तुम्हाला माहितीच आहे. मशीन वापरतात गणपतीच्या आधी एकदा, दिवाळीच्या आधी एकदा, मग जूनपर्यंत कोपऱ्यात. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं की कार्ब्युरेटरच्या तळाशी पाणी आणि चिकटा जमतो, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल यायचं बारीक भोक) बंद, जूनमध्ये शंभर वेळा दोरी ओढूनही स्टार्ट नाही. म्हणून महिन्याभरापेक्षा जास्त ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, मग पाणी जोडलेलं असतानाच पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून उरलेलं थेंब थेंब काढा. पाच मिनिटांचं काम. लागेल तेवढंच पेट्रोल आणा, पूर्ण लोडवर तासाला दीड लिटर धरा, दोन तासांच्या कामाला तीन लिटर पुरतं. आणायचं ते झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या डब्यात, बिसलेरीच्या बाटलीत नाही. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

इंजिन ऑइल, १०डब्ल्यू-३०, जेमतेम अर्ध्या लिटरच्या वर बसतं. नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदला, त्यात लोखंडाचा कीस निघतो, नंतर १०० तास किंवा सहा महिने. बरीच नवीन मशीन कारखान्यातून ऑइल न भरता येतात, चिठ्ठी लावलेली असते ती फाडून लोक दोरी ओढतात. ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असेल तर उत्तम, विचारून घ्या.

तर तुमच्यासाठी माझी निवड: १६०-२०० सीसी, खरं वर्किंग प्रेशर १५०-१८० बार, ९-१० लिटर, पितळी डोक्याचा ट्रिपलेक्स झेपला तर तो, नाहीतर चांगला अॅक्सियल, १० मीटर रबरी पाइप, सरफेस क्लीनर, आणि तो ड्रम. बादली १२ लिटरच्या खाली आली आणि ड्रमचा खटाटोप करायचा नसेल तर पेट्रोल सोडा, ६-७ लिटरचं इलेक्ट्रिक घ्या, लाइट असेल तेव्हा धुवा, तेच मशीन बोरिवलीला गाडीलाही येईल. वर्षातून दोनदाच लागणार असेल तर भाड्याने आणणं सगळ्यात स्वस्त, हे मी माझ्या धंद्यासाठी नाही म्हणत, तुमच्या गावाजवळ कोणाकडे तरी असेलच.

न्यायचं कसं हेही आत्ताच ठरवा, पंचवीस-तीस किलोचं धूड आहे. जेट्टीवरून बोटीत पेट्रोलचं मशीन चढवायच्या भानगडीत पडू नका, गाडीत घालून भाईंदर-उत्तनमार्गे न्या, टाकी रिकामी, कॉक बंद, मशीन उभंच. आडवं करावंच लागलं तर स्पार्क प्लगची बाजू वर येईल असं, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि पोचल्यावर पहिल्या दोरीला पांढऱ्या धुराने अख्खी वाडी बाहेर येते.